सिरीज की पॅरलल? हिशेब कागदावर मागा

प्रश्न : निफाड तालुक्यातील घराच्या गच्चीवर ५४० वॉटची सहा सौर पॅनेल बसवायची आहेत. एक विक्रेता सगळी सिरीजमध्ये जोडू म्हणतो. दुसऱ्याच्या मते दुपारी टाकीची सावली पडते म्हणून पॅरललच हवे, आणि जाड केबलचे तो जादा पैसे मागतो. कोणाचे ऐकावे? पुढे वीज कमी आली तर दाद कुठे मागावी?

उत्तर : सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, प्रवाह एका पॅनेलइतकाच राहतो. पॅरललमध्ये प्रवाहाची बेरीज होते, व्होल्टेज तेवढेच राहते. ५४० वॉटचे पॅनेल भर उन्हात साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअर देते. म्हणजे सहा पॅनेल सिरीजमध्ये २४६ व्होल्ट व १३ अँपिअर देतील, पॅरललमध्ये ४१ व्होल्ट व ७८ अँपिअर.

खर्चाचे मूळ इथे आहे. केबलमध्ये वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गच्ची ते इन्व्हर्टर २० मीटर अंतर आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल धरली, तर १३ अँपिअरला सुमारे ३५ वॉट वाया जातात. ७८ अँपिअरला हे नुकसान ३६ पट होते, आणि ती केबल एवढा प्रवाह पेलूही शकत नाही. शिवाय ग्रिडला जोडायचा घरगुती स्ट्रिंग इन्व्हर्टर (स्ट्रिंग म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनेलची माळ) ४१ व्होल्टवर सहसा सुरूच होत नाही. सहाही पॅनेल पॅरललमध्ये जोडण्याचा सल्ला या घरासाठी चुकीचा आहे.

सावलीची शंका मात्र रास्त आहे.

सिरीजमध्ये सावलीतले पॅनेल बाकीच्यांचा प्रवाह अडवते. आजच्या पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड असतात. ते सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात, त्यामुळे सगळेच बंद पडत नाही. तरी रोजची घट महागात पडते. आधी पॅनेलची जागा बदलून पाहावी. ते जमत नसेल तर दोन स्वतंत्र एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारी यंत्रणा) असलेला इन्व्हर्टर घ्यावा आणि तीन-तीन पॅनेलच्या दोन स्ट्रिंग कराव्यात, सावलीतली पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये ठेवून. प्रत्येक स्ट्रिंग १२३ व्होल्ट देईल. इन्व्हर्टरची किमान मर्यादा त्याहून बरीच खाली असावी.

निफाडची थंडीही हिशेबात धरावी लागते. भार नसताना या पॅनेलचे व्होल्टेज २५ अंशांना सुमारे ४९.५ असते आणि तापमान उतरेल तसे दर अंशाला साधारण ०.२७ टक्के वाढते. पहाटे पारा ५ अंशांवर गेला तर सहा पॅनेलचे २९७ व्होल्ट ३१३ होतात. ६०० व्होल्ट मर्यादेच्या इन्व्हर्टरला ते चालते. पुढे त्याच स्ट्रिंगमध्ये आणखी सहा पॅनेल जोडली तर मर्यादा ओलांडली जाईल, आणि असे नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला मिळणारे ७८,००० रुपयांचे अनुदान जोडणीच्या प्रकारावर ठरत नाही. त्यामुळे चुकीच्या जोडणीचा तोटा ग्राहकालाच सोसावा लागतो. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी स्ट्रिंगचा आराखडा, पॅनेल व इन्व्हर्टरची माहितीपत्रके आणि सर्वांत थंड दिवसाचा व्होल्टेज-हिशेब विक्रेत्याच्या सहीने घ्यावा. सदोष जोडणी ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते, आणि तक्रारीत हेच कागद पुरावा म्हणून उभे राहतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

प्रश्न : शेतातल्या खोलीवर १२ व्होल्टची दोन पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी आहे. तिथेही सिरीजच का?

उत्तर : ते चार्ज कंट्रोलरवर ठरते. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो, म्हणून तिथे पॅरललच योग्य. सिरीज केल्यास जवळपास निम्मी वीज वाया जाईल आणि कंट्रोलर जळण्याचाही धोका राहील. एमपीपीटी कंट्रोलर असेल आणि दोन पॅनेलचे भार नसतानाचे व्होल्टेज, साधारण ४४, त्याच्या मर्यादेत बसत असेल, तर सिरीज करून लांबच्या केबलचा खर्च वाचवता येतो. ही मर्यादा कंट्रोलरच्या मागच्या पट्टीवर छापलेली असते.