वाफसा आल्याशिवाय फावडे उचलू नका

पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडून गेले की दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांची संख्या वाढते. मागच्या पावसाळ्यात सिडकोतले एक निवृत्त शिक्षक असेच मुलाच्या आधाराने आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ओझे काही उचलले नाही. लिंबाच्या रोपासाठी नुसता खड्डा खणला!" ओझे त्यांनी उचलले होते; फक्त ते मोजले नव्हते.

आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिचे बारीक कण पाण्याने फुगतात व उन्हाळ्यात आकसतात, म्हणून भेगा पडतात. ओली असताना ती फावड्याला चिकटून बसते. असे भरलेले फावडे चार-पाच किलोचे सहज होते. शंभर वेळा उचलले तर चार-पाचशे किलो झाले! त्यात वाकून कंबर वळवली की स्नायू व मणक्यांमधील गादी यांवर फार ताण येतो.

शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही. हाच नियम बागेतही पाळावा. मूठभर माती दाबून गोळा करा. तो हाताला चिकटला तर थांबा. बोटाने दाबताच फुटला तर खणा. ओली माती खणल्यास पुढे तिची दगडासारखी ढेकळे होतात, म्हणजे बागेचेही नुकसानच.

खणताना लांब दांड्याचे फावडे घ्या. चिकटलेली माती खुरप्याने वरचेवर काढा. घमेले अर्धेच भरा, गुडघे वाकवून उचला आणि कंबर न पिळता पावले वळवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी सरळ उभे राहा.

कंबर धरलीच तर आठवडाभर फळीवर पडून राहू नये. एक-दोन दिवस आराम करून हळूहळू चालावे. आमचे गुरुजी असेच तीन आठवड्यांत बरे झाले. मात्र पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. तेथे उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.

अनवाणी खणू नका. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. जखम लहान असली तरी साबण-पाण्याने धुवा. मळलेली जखम असेल आणि शेवटचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावे लागते. मधुमेहींनी काम संपल्यावर तळपाय जरूर पाहावेत. त्यांना काटा रुतल्याचे अनेकदा कळतही नाही.

रोप चार दिवस उशिरा लावले तरी ते जगते. धरलेली कंबर मात्र महिनाभर घरी बसवते.