शोभेच्या जीवाश्माला आधी गाव विचारा

दिवाणखान्यातल्या कपाटात हल्ली काळ्या, चकचकीत दगडावर पांढरे निमुळते आकार दिसतात. म्हाकुळाच्या या नामशेष भाऊबंदांना बाजारात ऑर्थोसेरास म्हणतात. चक्रासारखे वेटोळे असलेले शंख अमोनाइटचे. ते घरात जरूर ठेवावेत. पण अशा वस्तू पाहता पाहता माझे एक मत पक्के झाले आहे: ज्या जीवाश्माचे मूळ ठिकाण विकणाऱ्याला सांगता येत नाही, तो घेऊ नये. त्याचे वय आणि खरेपणा तपासायचा, तर सुरुवात ठिकाणापासूनच करावी लागते.

नळदुर्गचेच पाहा. किल्ला, बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पायाखालचा खडक, सारे काळ्या बेसाल्टचे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला. अमोनाइट मात्र समुद्रतळाच्या गाळात जपले गेले. म्हणून ‘हा बोरीच्या पात्रात सापडला’ असे कुणी सांगितले, तर खडकच त्याला खोटे पाडतो. कच्छच्या ज्युरासिक थरांत आणि तमिळनाडूत अरियलूरच्या क्रेटेशियस थरांत अमोनाइट मिळतात; बाजारातले बहुतेक ऑर्थोसेरास मोरोक्कोचे. विल्यम वागेन यांनी १८७० च्या दशकात कच्छच्या अमोनाइटांचे वर्णन केले. ते अभ्यासकांना आजही लागते, कारण त्या वर्णनात शंख आपापल्या थरांशी जोडलेले आहेत.

कुणी म्हणेल, शोभेच्या वस्तूला पत्ता कशाला? पण देवघरातला शाळिग्रामही अनेकदा अमोनाइटच असतो, आणि परंपरेने त्याचे मोल गंडकी नदीशीच बांधले आहे. श्रद्धेला जे महत्त्वाचे वाटले, ते कुतूहलाने का सोडावे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खाणीत फुटून जाण्यापेक्षा दगड घरात राहिलेला बरा. हे खरेच आहे. मात्र ठिकाणाच्या चिठ्ठीविना तो पुढच्या पिढीला नुसता देखणा दगड उरतो, आणि चिठ्ठीला काही खर्च येत नाही.

तेव्हा घेताना भिंगातून पाहा. काप मधोमध गेला असेल, तर खऱ्या ऑर्थोसेरासमध्ये कप्प्यांचे आडवे पडदे आणि त्यांतून जाणारी बारीक नळी दिसते. दहा नग हुबेहूब एकसारखे असतील किंवा आत हवेचे बुडबुडे असतील, तर ते साच्यातले समजा. कुठे जोडले, काय कोरले, हे स्पष्ट विचारा. लिंबू, चिंच, व्हिनेगर लावू नका. आम्लाने चुनखडी झिजते. सोनेरी झाक असलेल्या अमोनाइटमध्ये पायराइट असू शकते. दमट हवेत त्याची भुकटी होते, म्हणून तो कोरडा ठेवा. आणि ठिकाण, थर, वय, कुणाकडून घेतला हे कागदावर लिहून दगडासोबतच ठेवा. एवढे करायची तयारी नसेल, तर खरेदी पुढे ढकलणेच योग्य.