याह्या : एका दुर्मीळ नावाचा बोध

अकीक्याच्या दावतीत पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, "मुलाचे नाव काय ठेवले?" पूर्वी कोल्हापूरच्या सदर बाजारात किंवा बागवान गल्लीत या प्रश्नाला दस्तगीर, मीरासाहेब, मेहबूब, बाबालाल अशी ओळखीची उत्तरे मिळत. आज उत्तराबरोबर बहुधा आणखी एक वाक्य येते, "हे नाव आपल्या नातेवाइकांत कुणाचेच नाही." आपल्या मुलाचे नाव वेगळे असावे ही इच्छा स्वाभाविक आहे आणि शरीअतने तिला मनाई केलेली नाही. पण वाचकहो, नाव दुर्मीळ असणे हा त्याचा गुण आहे का? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण पवित्र कुरआनकडे वळू या, कारण तेथे एका मुलाच्या नावाच्या दुर्मीळतेचा स्पष्ट उल्लेख आला आहे.

कुरआनातील दुर्मीळ नाव

सूरह मरयमच्या आरंभी हजरत जकरिया (अलै.) यांची दुआ आहे. हाडे खिळखिळी झाली होती, डोके पांढरे झाले होते, पत्नी वांझ होती. तरीही त्यांनी आपल्या पालनकर्त्याला हळू आवाजात हाक मारली आणि वारस मागितला. उत्तरादाखल पुत्राची शुभवार्ता मिळाली, नावही अल्लाहकडूनच आले : याह्या. सातव्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की, यापूर्वी या नावाचा कुणीही निर्माण केला नव्हता. काही भाष्यकारांनी येथील शब्दाचा अर्थ 'नामसाधर्म्य असलेला' असा घेतला आहे, तर काहींनी 'गुणांत त्याच्यासारखा' असा. दोन्ही अर्थांनी हजरत याह्या (अलै.) यांचे वेगळेपण सिद्ध होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, हे वेगळेपण पित्याने शोधून काढलेले नव्हते. त्याने केवळ नेक संतती मागितली होती, दुर्मीळ नाव हे अल्लाहचे देणे होते. दुसरी, कुरआन नावापाशी थांबत नाही. बाराव्या आयतीपासून त्या मुलाचे गुण येतात : बालपणीच लाभलेली समज, हृदयाची कोमलता, पावित्र्य, ईशभय, माता-पित्यांशी सद्वर्तन आणि उद्धटपणाचा अभाव. नावाच्या दुर्मीळतेचा उल्लेख एका आयतीत आणि चारित्र्याचा अनेक आयतींत, हे प्रमाणच आपल्याला पुरेसे शिकवून जाते.

दुर्मीळ नावे सर्वांची कशी होतात?

जे नाव पूर्वी कुणाचेच नव्हते, ते पुढे दुर्मीळ राहिले का? नाही. 'मुवत्ता' या ग्रंथाच्या प्रसिद्ध कथनकर्त्याचे नाव याह्या बिन याह्या, म्हणजे पिता आणि पुत्र दोघांचेही नाव तेच. हदीसच्या कथनकर्त्यांची पारख करणारे थोर विद्वान याह्या बिन मईन. ज्यांचा 'रियाजुस्सालिहीन' हा हदीससंग्रह आपल्या अनेक घरांत वाचला जातो, त्या इमाम नववी यांचे मूळ नावही याह्याच. नाव पसरले, म्हणून त्याचे मोल घटले नाही.

याहून मोठे उदाहरण तर आपल्या प्रत्येकाच्या ओठी आहे. 'मुहम्मद' हे नाव अरबस्तानात अगदी विरळ होते. सीरतच्या ग्रंथांत असे कथन येते की, अब्दुल मुत्तलिब यांनी नातवाचे हे नाव ठेवले तेव्हा, पूर्वजांपैकी कुणाचे नाव का ठेवले नाही, अशी विचारणा कुरैशांनी केली होती. आज तेच नाव जगातील सर्वाधिक ठेवल्या जाणाऱ्या नावांपैकी एक आहे. नाव दुर्मीळ होते म्हणून त्याला थोरवी आली नाही. ते धारण करणाऱ्या प्रेषितांच्या (स.) प्रेमापोटी ते घराघरात पोहोचले.

आपल्या कोल्हापूरच्याच इतिहासातील एक उदाहरण पाहा. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारातील गायक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांचे मूळ नाव गुलाम अहमद. आधीची अपत्ये जगली नव्हती, म्हणून या मुलाला 'अल्लादिया', म्हणजे अल्लाहने दिलेला, असे म्हटले जाऊ लागले, असे सांगतात. ते नाव वेगळे दिसावे म्हणून ठेवलेले नव्हते. त्यात दुःख सोसलेल्या आई-बापांची कृतज्ञता होती. 'याह्या' या शब्दाचा संबंधही 'हयात', म्हणजे जीवन, याच्याशीच आहे.

अर्थ आधी, वेगळेपण नंतर

मग नाव निवडताना कसोटी कोणती? सहीह मुस्लिममधील हदीसनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय असलेली नावे अब्दुल्लाह व अब्दुर्रहमान ही आहेत. दोन्ही अतिशय प्रचलित! दुसरीकडे, प्रेषितांनी (स.) वाईट अर्थाची नावे बदलली. सहीह बुखारीत हजरत सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचा प्रसंग आहे. त्यांचे नाव 'हज्न', म्हणजे खडबडीत जमीन. प्रेषितांनी (स.) त्यांना 'सहल', म्हणजे सुलभ, हे नाव सुचवले, पण वडिलांनी ठेवलेले नाव बदलण्यास ते राजी झाले नाहीत. तो कठोरपणा आमच्या घराण्यात पुढेही टिकून राहिला, असे नातवाने सांगितले आहे. पित्याने ठेवलेल्या नावाचा प्रभाव किती दूर जातो, हे यावरून कळते.

मराठी भाषक कुटुंबांनी येथे विशेष सावध असावे. देवनागरीत अरबी अक्षरांमधील फरक लोपतो. 'जलील' हा शब्द 'जीम' या अक्षराने लिहिला तर थोर, आणि 'जाल' या अक्षराने लिहिला तर अपमानित! 'अलीम' 'ऐन'ने लिहिला तर ज्ञानी, 'अलिफ'ने लिहिला तर वेदनादायक. मोबाइलवरील यादीत सापडलेले किंवा केवळ कुरआनात आलेला शब्द म्हणून उचललेले नाव आधी अरबी लिपीत पाहावे आणि जाणत्या आलिमांकडून अर्थाची खात्री करून घ्यावी.

घाईचे कारण नाही. सातव्या दिवशी अकीका व नामकरण करण्याविषयी हदीस आहे, आणि प्रेषितांनी (स.) आपल्या पुत्राचे इब्राहीम हे नाव जन्माच्या रात्रीच ठेवल्याचेही कथन आहे. सरकारी नोंदीचे म्हणाल, तर जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी १९६९ च्या कायद्यान्वये बाळाचे नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क लिहिता येते. नाव अपरिचित असेल, तर याह्या, यह्या, याहया असे वेगवेगळे लेखन होते. पालिकेचा दाखला, शाळा व आधार यांत एकच लेखन राहील, याची काळजी पित्याने घ्यावी. अन्यथा आपल्या हौसेची किंमत मुलाला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून मोजावी लागते.

प्रिय वाचकहो, सुंदर नाव हा मुलाचा आपल्यावरील हक्क आहे. तुम्हाला याह्या हे नाव आवडले तर आनंदाने ठेवा. शेजारच्या घरातही एक याह्या निघाला, तरी खंत करू नका. मात्र त्या नावाबरोबर सूरह मरयममधील ते गुणही मुलाला शिकवा. नाव आपण एका दिवसात देतो, त्या नावाला शोभेल असे संगोपन मात्र वर्षानुवर्षे करावे लागते. खरी दुर्मीळता तेथेच आहे.

अल्लाह आपल्या संततीला नेक नाव आणि नेक आचरण दोन्ही देवो. आमीन.