अवघड जागेची न दुखणारी गाठ

१. दुखत नव्हतं, म्हणून मी चार महिने घालवले. वय 26. आंघोळ करताना उजव्या गोटीला तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक लागलं. क्रिकेटचा चेंडू लागला होता, त्याचंच असेल असं धरून चाललो. वृषणाच्या कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखतच नाही. ‘दुखेल तेव्हा दाखवू’ म्हणत बसू नका.

२. हा प्रामुख्याने 15 ते 40 या वयातला कॅन्सर. लहानपणी ज्याची गोटी पोटातून खाली उतरली नव्हती, त्याला धोका जास्त. ऑपरेशन करून उतरवली असली तरीही. माझं ते ऑपरेशन झालं होतं. आईला माहीत होतं, मला नव्हतं. आयांनो, मुलगा कळता झाला की त्याला हे सांगा.

३. तपासायला दोन मिनिटं पुरतात. गरम पाण्याने आंघोळ झाली की कातडी सैल पडते. मग एकेक गोटी अंगठा आणि बोटांमध्ये धरून हलक्या हाताने फिरवायची. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत लागते. मागच्या बाजूला मऊ, दोरीसारखं काही लागतं, ती शुक्राणूंची नळी. तिला घाबरायचं नाही. एक बाजू जरा खाली किंवा थोडी मोठी असणंही नेहमीचंच. नवीन कडक गाठ, सूज किंवा जडपणा मात्र सोडायचा नाही. नेहमीचं कसं लागतं हे बोटांना ठाऊक असेल, तरच बदल कळतो.

४. डॉक्टरांपुढे नाव घेऊन बोला. पहिल्यांदा मी लाजेने लघवीच्या जळजळीचं निमित्त सांगितलं आणि गोळ्या घेऊन परतलो. दुसऱ्यांदा ‘गोटीला गाठ आहे’ एवढंच म्हणालो. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली, रक्तही तपासायला गेलं.

५. कॅन्सरच निघाला. जांघेत छेद देऊन गोटी काढली. केमोआधी वीर्य गोठवून ठेवलं. हे आपणहून विचारा. एका गोटीवर संसार होतो, मुलंही होतात. आमची मुलगी तीन वर्षांची आहे.

६. 2011च्या विश्वचषकानंतर क्रिकेटपटू युवराज सिंगच्या छातीत निघालेली गाठ वृषणाच्या कॅन्सरच्याच जातीच्या पेशींची होती. त्याने ते जगाला सांगितलं. आपल्याला घरात सांगता येत नाही?

७. गाठ वेळेत सापडली तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. आज हाताला काही लागलं, तर याच आठवड्यात दाखवा.