वाढतें शरीर व बालकाचें मन



आपल्या शरीराची निगा राखणें हें जसें प्रत्येकाचें कर्तव्य आहे, तसेंच दुसऱ्याच्या शरीराची हेटाळणी न करणें हेंहि कर्तव्यच होय. पहिल्या कर्तव्याचा धडा आपणांस शाळेंत मिळतो; दुसऱ्याचा बहुधा विसर पडतो.

आपलें नेरूळ पूर्वीं शेती व मासेमारी करणाऱ्यांचें गांव होतें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व पुढें येथें वसाहती उभ्या राहिल्या. बांधावरून चालणाऱ्या पायांस आतां रिक्षा व लिफ्ट मिळाली. खेळाचा वेळ शिकवणीनें व मोबाइलनें घेतला. गोड पेयें व तळलेले पदार्थ हाताशीं आले. ही स्थिति जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं ५ ते १९ वर्षें वयाचीं ३९ कोटींहून अधिक मुलें अतिवजनाचीं होतीं. स्थूलतेस आनुवंशिकता, आहार, निद्रा व परिस्थिति अशीं अनेक कारणें असतात. ती केवळ आळसाची खूण नव्हे.

वजन अधिक आहे कीं नाहीं, हें नुसत्या नजरेनें ठरवूं नये. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून आलेला अंक वैद्य वयाप्रमाणें तक्त्यावर ताडून पाहतात. भारतीय मुलांसाठीं असे तक्ते इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनें २०१५ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर ह्यांचा प्रमुख वाटा आहे. वाढत्या वयांत पुष्कळदां वजन घटविण्याचीहि गरज नसते. तें स्थिर राहिलें व उंची वाढली, कीं प्रमाण आपोआप सुधारतें.

परंतु हा धीर मुलास कोण देतो? १९६१ सालीं अमेरिकेंत रिचर्डसन व त्यांचे सहकारी ह्यांनीं दहा-अकरा वर्षांच्या मुलांस सहा बालकांचीं चित्रें दाखवून आवडीप्रमाणें क्रम लावण्यास सांगितलें. त्यांत एक बालक निरोगी, चौघें अपंग वा चेहऱ्यावर व्यंग असलेलीं व एक स्थूल होतें. स्थूल बालकाचा क्रम शेवटीं लागला. सुमारें चाळीस वर्षांनीं लॅटनर व स्टंकार्ड ह्यांनीं तोच प्रयोग पुन्हां केला, तेव्हां हा तिटकारा वाढलेला आढळला.

ह्या तिटकाऱ्याचें फळ कडू असतें. पथ्य पाळणाऱ्या मुलास प्रत्यहीं ‘अजून तसाच आहेस!’ असें ऐकावें लागलें, तर तें मैदान टाळतें, लपून खातें किंवा उपाशी राहतें. म्हणजे ज्या उपायानें प्रकृति सुधारावयाची, तोच लज्जेमुळें निष्फळ होतो. वजन उतरल्यावरहि कित्येकांस आरशांत पूर्वींचेंच रूप दिसत राहतें. म्हणूनच अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१७ सालीं, रुग्णांशीं बोलतांना हिणविणारे शब्द टाळावे, असें वैद्यांस सांगितलें.

ह्यावरून आपणांस पुढील गोष्टी करतां येतील. घरांत एकट्यासाठीं निराळें पथ्य न ठेवतां सर्वांनींच भाकरी, उसळ, पालेभाजी खावी. वजन चारचौघांत घेऊं नये. आकड्याची नव्हे, प्रयत्नाची प्रशंसा करावी. शाळेंत टोपणनांवें टाकावीं. खेळाचे गट पाडतांना सोबत्यास शेवटपर्यंत उभें ठेवूं नये. सायंकाळीं तलावाकाठीं फिरावयास जातांना त्यालाहि हांक मारावी.

इस्राएलाचा राजा निवडण्यास शमुवेल इशायाच्या घरीं गेला, तेव्हां थोरल्या अलियाबाची उंची पाहून तो फसला. निवड झाली ती मेंढरें राखणाऱ्या धाकट्या दावीदाची. वर्गांतील सोबत्याकडे पाहतांना ही कथा आपल्या स्मरणांत राहो.