सातेरीची पेटी उघडताना

सातेरी मधमाशी मुळात शांत असते. तरीही तिच्या पेटीची तपासणी नवख्याला अवघड जाते, कारण त्याची सगळी भिस्त धुरावर असते. मेलिफेरा, म्हणजे परदेशी मधमाशी, धुराला चटकन दबते. धोक्याचा इशारा देणारा गंध धुरात झाकला जातो आणि माश्या मध पिण्याच्या मागे लागतात. सातेरीवर तेवढाच धूर सोडला, की माश्या चौकटींवरून सैरावैरा धावतात, खालच्या कोपऱ्यात गोळा होतात आणि राणी दिसेनाशी होते. असा त्रास वरचेवर झाला तर वसाहत पेटी सोडून जाते. मेलिफेरावर हात बसलेले मधपाळही इथे फसतात.

तपासणी उन्हे वर आल्यावर करावी, तेव्हा अनुभवी कामकरी माश्या फुलांवर असतात. आभाळ भरलेले असताना किंवा वारा सुटलेला असताना पेटीला हात लावू नये. अत्तर नको, कपडे फिक्या रंगाचे हवेत. दारासमोर न उभे राहता बाजूला किंवा मागे थांबावे.

स्मोकरमध्ये गोणपाट किंवा नारळाची सोडणे पेटवावीत. धूर आधी स्वतःच्या हातावर घेऊन पाहावा; चटका बसला तर तो माश्यांनाही नको. दारातून एक-दोन फुंकर पुरतात. झाकण हळूच उचलावे. पेटीला धक्का बसला, की सगळ्या वसाहतीतून फुस्स असा आवाज उठतो. तो थांबेपर्यंत हात आवरावा.

आधी कडेची चौकट काढून जागा करावी. मधली चौकट अडकली असेल तर लोखंडी पट्टीने मोकळी करून सरळ वर उचलावी. माश्या चेंगरल्या, की इशाऱ्याचा गंध सुटतो आणि बाकीच्या चवताळतात. चौकट उभीच धरावी, आडवी केली तर कोवळे पोळे तुटते. ती पेटीवरच पाहावी, म्हणजे राणी पडली तरी आतच पडेल. ताजी अंडी दिसली तर राणी शोधत बसण्याची गरज नसते. चौकटी होत्या त्याच क्रमाने परत ठेवाव्यात.

डंख बसला तर नांगी लगेच नखाने खरवडून काढावी; ती त्वचेत असेपर्यंत विष सोडत राहते. त्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो, म्हणून तिथे थोडा धूर द्यावा किंवा पाण्याने धुवावे. अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला किंवा चक्कर आली, तर पेटी तशीच सोडून रुग्णालय गाठावे.