ओढ्याची खोली नव्हे, ओढ पाहा

जुलै महिना आला की आपल्या कोल्हापूरच्या वस्त्यांमधील मुले-मुली पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीची तयारी करू लागतात. कोणी कॉलेजच्या गटाबरोबर जाते, कोणी मंडळाबरोबर. १६६० सालच्या जुलैमध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज ज्या बाजूने विशाळगडाकडे गेले, त्याच बाजूची ही वाट. मसाईचे पठार मागे पडले की वाडीमागून वाडी लागते आणि वाड्यांच्या मध्ये ओढे लागतात. घरची माणसे डबा, रेनकोट, गोळ्या-औषधे आठवणीने देतात. ओढा कसा ओलांडायचा, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पाणी आपल्याला नवे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. पंचगंगेचे पाणी चढत चढत गल्लीत येते. कमरेएवढ्या पाण्यातून सामान हलवलेली माणसे आपल्यात आहेत. त्यामुळे गुडघाभर ओढा पाहून कोणाला भीती वाटत नाही, आणि फसगत इथेच होते. गल्लीत पसरलेले पाणी बहुधा संथ असते, डोंगरातला ओढा मात्र उतारावरून धावत असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून गुडघ्याएवढे पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते. पोहता येते म्हणून निर्धास्त राहू नये. दगडांनी भरलेल्या अरुंद ओढ्यात पोहायला जागाच नसते.

केव्हा थांबावे? पाण्यात काटकी टाका आणि तिच्या बरोबरीने काठाने चाला. काटकी तुमच्या चालीपेक्षा पुढे पळत असेल, किंवा पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर उतरू नका. पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला, तळातून दगड गडगडल्याचा आवाज आला, तर ताबडतोब काठावर उंच जागी या. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात पडत असतो. पाऊस ओसरला की लहान ओढा बहुतेक वेळा काही तासांत उतरतो. तोवर थांबावे, वाडीतल्या माणसाला दुसरी वाट विचारावी, नाहीतर मागे फिरावे.

कुठून ओलांडावे? पाणी जिथे पसरट आणि उथळ आहे तिथून. ओढ्याच्या वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी खोल असते, ती जागा टाळावी. पाय सुटला तर आपण कुठे वाहत जाऊ, हे आधी पाहावे. खालच्या अंगाला धबधबा, बंधारा किंवा पाण्यात पडलेले झाड असेल तर ती जागा सोडावी. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर त्यावर पाय ठेवू नये, कारण त्याची कड दिसत नाही.

कसे ओलांडावे? बूट काढू नयेत. अनवाणी पाय शेवाळावरून घसरतो, दगडाने कापतो. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे आधीच सोडून ठेवावेत, म्हणजे पडल्यास ती झटकन टाकता येते. तोंड प्रवाहाकडे करावे, मजबूत काठी पुढे रोवावी आणि आडवे सरकत जावे. दोन पाय आणि काठी यांपैकी एका वेळी एकच हलवावे. पायात पाय अडकेल असे पाऊल टाकू नये. तिघे-चौघे असाल तर एकामागे एक उभे राहून पुढच्याला घट्ट धरावे. सर्वांत दणकट माणूस काठी घेऊन प्रवाहाच्या अंगाला पुढे राहील, त्याच्या आडोशाला बाकीचे. सगळ्यांनी मिळून एकेक पाऊल आडवे सरकावे. कमरेला दोर बांधून कधीही उतरू नये. पाय सुटल्यावर तोच दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

पाय सुटलाच तर? सॅक टाकावी, उताणे व्हावे, पाय पुढे आणि पाण्याच्या वर ठेवावेत, हातांनी काठाकडे सरकावे. वाहत्या पाण्यात उभे राहण्याची धडपड करू नये. पाय दगडांत अडकला की पाणी माणसाला आडवे करते. काठावरच्यांनी मागोमाग उडी न टाकता काठी, दोर किंवा ओढणी फेकावी.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला सपाट जागी उताणे झोपवून हनुवटी वर करावी, नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोरात आणि भरभर दाबावे, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे. आपण कोल्हापूरकर ‘सीपीआर’ म्हणजे सरकारी दवाखाना समजतो; या प्रथमोपचाराचे नावही तेच आहे. पोट दाबणे, उलटे टांगणे, गरगर फिरवणे यात मोलाचा वेळ जातो. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला डॉक्टरांकडे न्यावेच, त्रास काही तासांनीही होऊ शकतो.

घरी आल्यावर पायांच्या जखमा साबणाने धुवाव्यात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर ‘मी ओढ्याच्या पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तो लेप्टो असू शकतो आणि वेळेवर औषध मिळाले तर बरा होतो.

मोहिमेआधीच्या रविवारी विहाराच्या अंगणात खडूने ओढा आखा. मुलांना काठी देऊन एकामागे एक सरकण्याचा सराव करून घ्या, आयाबायांनीही करावा. आणि निघताना मुलाला एवढे नक्की सांगा: “पाणी जास्त असेल तर परत ये. घरात तुला कोणी हसणार नाही.” मित्रांपुढे मान खाली जाईल म्हणून मुले पाण्यात पाय घालतात. घरून आलेला हा शब्द त्यांना काठावर थांबवू शकतो.